दुसऱ्याच्या ट्रॉलीतला स्प्रे: न विचारता सल्ला द्यावा का?

हे प्रकरण मोठ्या दुकानांच्या कार-केअर रॅकपाशी पावसाळ्यात नेहमी दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून बेतलेलं आहे. यातली माणसं कुणी विशिष्ट नाहीत, पण ट्रॉलीतली एकही वस्तू काल्पनिक नाही.

जूनचा शेवटचा आठवडा. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूचं एक मोठं किराणा-मॉल. साबण आणि फिनाइलच्या पुढे एक लहानसा रॅक गाडीच्या सामानाचा. तिथे पंचावन्न-साठीचे एक काका आणि त्यांची नोकरी करणारी मुलगी उभी आहेत. काका तिथल्या मुलाला विचारतात, "ब्रेकमधून चर्र आवाज येतो. हे मारलं की जाईल ना?" त्यांच्या हातात गंज सोडवायचा, कुरकुर घालवायचा वंगणाचा स्प्रे आहे. मुलगा म्हणतो, "हो काका, सगळ्याला चालतं." स्प्रे ट्रॉलीत पडतो. ट्रॉलीत आधीपासून हिरव्या कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) एक लिटरची बाटली, पिण्याच्या पाण्याचा कॅन, रबिंग कंपाउंडची डबी, टायर पॉलिश आणि भांड्यांच्या लिक्विडचं मोठं पाउच आहे. हे पाउच गाडी धुवायला आहे, तेही बोलण्यातून कळलेलं. गाडी आठेक वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक. मुलगी रोज कात्रजकडून हिंजवडीला ती चालवत जाते.

शेजारी उभ्या असलेल्या तिसऱ्या माणसाला गाड्यांमधलं नीट कळतं. ट्रॉलीत त्याला पाच चुका दिसताहेत. त्याने बोलावं का? बोलायचं तर किती आणि कुणाशी?

आमचं उत्तर असं: पाचपैकी एकाच गोष्टीवर बोलावं, आणि ते बोललंच पाहिजे. बाकी चारांवर विचारलं तर सांगावं, नाहीतर आपलं सामान घेऊन पुढे जावं. ही निवड कशी केली, ते गाडीच्या अंगाने समजून घेऊ. भिडस्तपणा आणि आगाऊपणा यांचा हिशेब नंतर.

स्प्रे आणि ब्रेक

या जातीच्या स्प्रेमध्ये पातळ पेट्रोलियम द्रावक आणि त्यात हलकं तेल असतं. द्रावक काही मिनिटांत उडून जातं, तेल मागे राहतं. बिजागरीला, सीटच्या रुळाला, गंजलेल्या बोल्टला तेच हवं असतं. ब्रेकचं काम नेमकं उलटं आहे. चाकाबरोबर फिरणारी डिस्क आणि तिच्यावर दाबला जाणारा पॅड एकमेकांना घासतात म्हणून गाडी थांबते. चांगल्या पॅडचा घर्षणांक, म्हणजे पकड किती ते सांगणारा आकडा, साधारण ०.३५ ते ०.४५ असतो. मध्ये तेल आलं की तो झपाट्याने घसरतो.

डिस्क ओतीव लोखंडाची, तिचा पृष्ठभाग भरीव. तिच्यावरचं तेल पुसता येतं. पॅड मात्र सच्छिद्र असतो. तेल आत मुरतं, ब्रेक तापला की पुन्हा वर येतं, थंड झाला की तिथेच राहतं. त्यामुळे "पुसून टाकलं, आता ठीक आहे" हे फार तर पहिल्या दोन चौकांपुरतं खरं असतं. काही गॅरेजांत तेलकट पॅड घासून किंवा आगीवर धरून परत बसवतात. आमच्या मते हा जुगाड ब्रेकच्या बाबतीत चालवून घेऊ नये, कारण आत किती तेल उरलं हे बाहेरून कुणालाच कळत नाही.

स्प्रे मारणारा माणूस बहुतेक वेळा ज्या चाकातून आवाज येतो तिथेच मारतो. मग एका बाजूचा ब्रेक पकडतो, दुसऱ्या बाजूचा सुटतो, आणि जोरात ब्रेक दाबला की गाडी चांगल्या बाजूकडे ओढली जाते. ओल्या रस्त्यावर हे जास्त वाईट. एबीएस असलं तरी ते चाक जाम होऊ देत नाही इतकंच. नसलेलं घर्षण ते तयार करू शकत नाही.

आकड्यांत बघा. ताशी ६० किलोमीटरवरून, कोरड्या रस्त्यावर, चांगल्या ब्रेकने गाडी साधारण २० मीटरमध्ये थांबते. पकड निम्मी झाली तर हेच अंतर ४० मीटर होतं. यात माणूस दचकून पाय उचलून ब्रेकवर ठेवेपर्यंतचा एक सेकंद धरलेला नाही. त्या एका सेकंदात गाडी आणखी १६-१७ मीटर पुढे गेलेली असते. पाय जास्त जोराने दाबून थोडी भरपाई होते हे खरं, पण ऐनवेळी तेवढा जोर लागेलच असं नाही. आणि कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार ज्याने पाहिलाय त्याला पुढचं सांगायला नको. पाठीमागून येणारे कंटेनर, मध्येच घुसणाऱ्या दुचाकी, आणि रोज त्या रस्त्याने जाणारी ही गाडी.

म्हणून हा सल्ला काकांच्या गाडीपुरता राहत नाही. पुढे उभ्या असलेल्या रिक्षावाल्याचाही त्याच्याशी संबंध आहे.

आता मुळातला आवाज. पावसाळ्यात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर धरतो. सकाळी पहिल्या चार-पाच ब्रेकला चर्र किंवा घर्र असा आवाज येतो आणि मग थांबतो, कारण पॅडनेच तो थर खरवडून काढलेला असतो. यावर काहीही करायचं नसतं. आवाज दिवसभर येत असेल तर मात्र कारण वेगळं. पॅडची धूळ आणि चिखलाचे कण अडकलेले असतात, किंवा पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झालेला असतो, किंवा पॅड संपत आलेला असतो. बऱ्याच पॅडना पत्र्याची एक छोटी जीभ असते. पॅड २-३ मिलिमीटरवर आला की ती डिस्कला टेकते आणि मुद्दाम कर्कश आवाज करते. हा आवाज ब्रेक न दाबताही येतो आणि दाबल्यावर कधीकधी बंदही होतो, त्यामुळे लोकांना वाटतं की ब्रेकचा काही संबंध नाही. आणि पाट्यावर वरवंटा ओढल्यासारखी घरघर पायाला जाणवू लागली, तर पॅडचं मटेरियल संपून लोखंडावर लोखंड घासतंय. तेव्हा गाडी चालवत गॅरेजपर्यंतही नेऊ नये.

गंमत म्हणजे तेलाने यातले बहुतेक आवाज काही वेळ बंद होतात. हेच या स्प्रेचं सगळ्यात घातक अंग आहे. पत्र्याची जीभ "पॅड संपला" म्हणून ओरडत असते आणि आपण तिचं तोंड बंद करून ब्रेकही घालवून बसतो.

नवा पॅड साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड असतो. ३ मिलिमीटरच्या खाली आला की बदलायचा. अलॉय व्हील असेल तर मोबाइलच्या टॉर्चने काड्यांमधून बाहेरचा पॅड दिसतो. पण आतला पॅड दिसत नाही, आणि कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या) स्लाइड पिना, म्हणजे ज्यांवर ती पकड सरकते त्या, सुकलेल्या असतील तर आतलाच आधी झिजतो. बाहेरून ६ मिलिमीटर दिसतोय म्हणून निर्धास्त झालेल्या गाडीत आतला पॅड कागदाएवढा उरलेला असू शकतो. म्हणून चाक काढूनच बघायला हवं. पत्र्याच्या चाकाला कव्हर असेल तर तसाही दुसरा मार्ग नाही.

आणि ब्रेकला फवारायचंच असेल तर त्यासाठी ब्रेक क्लीनर मिळतो. तो तेल आणि धूळ विरघळवून नेतो आणि मागे काहीही न ठेवता उडून जातो. डिस्क थंड असताना, उघड्यावर, आग-सिगारेटपासून लांब, आणि बॉडीच्या रंगावर न उडवता मारायचा. आवाज बंद करायला जे ग्रीस लागतं ते पॅडच्या पाठीला आणि स्लाइड पिनांना लावायचं असतं. घासणाऱ्या बाजूला काहीही नाही. पिनांवरच्या रबरी बुटांना साधं पेट्रोलियम ग्रीस चालत नाही, रबर फुगतं. तिथे ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच हवं.

हे सगळं रॅकपाशी सांगायचं का? नाही. हे सगळं माहीत असावं लागतं, म्हणजे सांगायचं ते एका वाक्यात ठामपणे सांगता येतं.

बाकीची ट्रॉली

कूलंटपाशी जाणकाराची जीभ सगळ्यात जास्त वळवळते, आणि तिथेच तो चुकण्याचा संभव सगळ्यात जास्त असतो. बाटली हिरवी आहे एवढंच दिसतंय. काकांच्या गाडीत आता कुठलं कूलंट आहे, हे आपल्याला ठाऊक नाही. रंगावरून काहीही ठरत नाही. रंग कंपनी आपल्या मनाने टाकते. खरा फरक आत गंजरोधक कुठले आहेत यात असतो. जुन्या पद्धतीचं, सिलिकेट-फॉस्फेटचं कूलंट साधारण दोन वर्षं टिकतं. सेंद्रिय आम्लांवर आधारलेलं पाच वर्षं किंवा जास्त. दोन्ही एकत्र झाली तर बहुतेकदा एवढंच होतं की टिकण्याची मुदत कमी होते. कधीकधी गाळ धरतो आणि तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो.

दुसरा प्रश्न, बाटली तयार मिश्रणाची आहे की कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी घालून पातळ करायचं. तयार मिश्रण असेल तर पाण्याचा कॅन लागतच नाही. कॉन्सन्ट्रेट असेल तर प्रमाण बाटलीवर लिहिलेलं असतं. कुठे पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे, कुठे एक भाग कूलंटला तीन भाग पाणी. त्यात घालायचं पाणी क्षारमुक्त हवं. पिण्याच्या पाण्याच्या कॅनमध्येही क्षार असतात आणि बोअरच्या पाण्याचं तर विचारूच नका. निव्वळ कॉन्सन्ट्रेट ओतणं हा उलट्या बाजूचा गैरसमज. "जास्त कूलंट म्हणजे जास्त थंड" असं वाटतं, पण पाण्याची उष्णता वाहून नेण्याची ताकद निव्वळ ग्लायकॉलच्या (कूलंटमधल्या मूळ द्रवाच्या) दीडपटीहून जास्त आहे. गाडी जास्तच तापते.

एवढं सगळं खरं असूनही इथे गप्प राहावं, असं आमचं मत आहे. गाडीचं मॅन्युअल आपल्या हातात नाही. ही चूक झाली तर नुकसान हळूहळू होतं, मालकाचंच होतं, आणि पुढच्या सर्व्हिसला सुधारता येतं. काकांनी आपण होऊन विचारलं, "हे बरोबर आहे का हो?" तर एवढं सांगावं की मॅन्युअलमध्ये कूलंटचा प्रकार लिहिलेला असतो तो बघा, आणि साधं पाणी घालू नका. बोलणं त्याच वळणावर आलं तर आणखी तीन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. गाडी गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आणि उरलेलं कूलंट उघडं ठेवायचं नाही, कारण ते गोडसर लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. आणि सहा महिन्यांत लिटरभर कूलंट कमी होत असेल तर ते कुठून तरी गळतंय, बाटली आणून तो प्रश्न सुटत नाही.

रबिंग कंपाउंड म्हणजे लेपात मिसळलेली घासणारी बारीक पूड. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. ओरखड्यात नख अडकत असेल तर तो थराच्या पार गेलाय, आणि कितीही घासलं तरी जाणार नाही. फक्त आजूबाजूचा थर पातळ होईल. घासलेलं परत येत नाही, हे खरं. पण ती काकांची गाडी आहे आणि काकांचा बंपर आहे.

भांड्यांच्या लिक्विडने रंगावर लावलेलं मेण उतरतं, एक-दोन धुण्यांत गाडीचं काही बिघडत नाही. गप्प. टायर पॉलिश बाजूच्या भिंतीला लावतात, रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीला नाही, हे बहुतेकांना माहीत असतं. कुणी ते स्कूटरच्या टायरसाठी घेतंय असं कानावर आलं, तर मात्र तोंड उघडावं. दुचाकी वळताना टायरच्या कडेवर झुकते, आणि तिथेच पॉलिश ओघळलेलं असतं.

मोजमाप कुठलं

आपल्याकडे अनोळखी माणसाला न विचारता गाडीबद्दल सांगायची एक पद्धत आधीपासून आहे, आणि तिचा कुणालाच राग येत नाही. दुचाकीचा साइड स्टँड खाली राहिलेला दिसला की मागचा माणूस ओरडतो, "दादा, स्टँड!" ओढणी चाकाशी गेलेली दिसली की शेजारची स्कूटर जवळ येते, "ताई, ओढणी!" समोरचा हात वर करतो, दोघं आपापल्या वाटेने जातात.

हे का खपतं याचा विचार केला तर रॅकपाशी काय करायचं ते आपोआप ठरतं. धोका सांगणाऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असतो, अंदाजाने नाही. तो आत्ताचा असतो. तो एका शब्दात सांगता येतो. त्यात समोरच्याला अडाणी ठरवलेलं नसतं, फक्त राहून गेलेली गोष्ट दाखवलेली असते. आणि सांगणारा थांबून राहत नाही. "स्टँड" म्हटल्यावर कुणी गाडी आडवी घालून साखळीला तेल कधी घातलं हे विचारत नाही.

काकांच्या ट्रॉलीतली स्प्रेची बाब या कसोटीला उतरते. ब्रेकसाठी घेताहेत हे आपण कानाने ऐकलंय. गाडी मुलगी उद्या सकाळी काढणार आहे. एका वाक्यात सांगता येतं. कूलंट, कंपाउंड, लिक्विड यातलं एकही उतरत नाही.

अशा बाबी फार नाहीत, पण माहीत असाव्यात. ब्रेक ऑइलच्या डबीत घालायला कुणी पॉवर स्टिअरिंगचं किंवा इंजिनाचं तेल घेत असेल तर सांगावं. ब्रेकमधले रबरी सील ग्लायकॉलच्या ब्रेक ऑइलसाठी बनवलेले असतात. खनिज तेल थोडंसं गेलं तरी ते फुगतात, आणि मग मास्टर सिलिंडरपासून (पॅडलचा जोर ब्रेक ऑइलला देणाऱ्या भागापासून) कॅलिपरपर्यंतचं सगळं रबर बदलावं लागतं. (घरी शंका आली तर एक थेंब पाण्यात टाकून बघावा. ग्लायकॉलचं ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं, खनिज तेल तरंगतं.) डॉट ३ आणि डॉट ४ (ब्रेक ऑइलच्या डबीवर लिहिलेले प्रकार) मिसळले तर संकट नाही, पण सिलिकॉनचं डॉट ५ त्यात चालत नाही. डॉट ५.१ हे नावाने जवळचं असलं तरी ग्लायकॉलचंच आहे, हेही लक्षात असू द्यावं. बीएस ६ डिझेल गाडीचं युरियाचं द्रावण, ज्याची टाकी वेगळी असते, कुणी डिझेलच्या टाकीत घालायच्या बेतात असेल तर हात धरून थांबवलं तरी चालेल. घालून झालं असेल तर चावीसुद्धा फिरवू द्यायची नाही, टाकी रिकामी करावी लागते. आणि बॅटरीची पातळी कमी झाली म्हणून कुणी ॲसिडचा कॅन उचलला, तर बॅटरीतून फक्त पाणी उडतं, ॲसिड तिथेच राहतं, म्हणून घालायचं ते डिस्टिल्ड वॉटरच, एवढं सांगावं.

बोलायचं कसं

आधी विचारायचं. हा स्प्रे आणखी दहा कामांना लागतो. आपण अर्धवट ऐकलेलं असू शकतं.

"काका, एक मिनिट बोलू का? हा स्प्रे ब्रेकलाच मारायला घेताय ना?"

"हो, आवाज येतोय फार."

"हा तेलाचा आहे. डिस्कला लागला तर ब्रेक लागणार नाही. बिजागरीला, सीटला खुशाल मारा, ब्रेकला नको. आवाज येतोय तर पॅड किती उरलेत ते गॅरेजमध्ये चाक काढून बघून घ्या."

संपलं. पंधरा-वीस सेकंद. यात "अहो, हे काय करताय" नाही, "असं कधीच करायचं नसतं" नाही. स्प्रे परत ठेवा असंही नाही, कारण घरात त्याचा उपयोग आहेच, आणि त्यामुळे काकांना मुलीसमोर माघार घेतल्यासारखं वाटत नाही. डबा समोर असेल तर त्याच्यावर वंगण (लुब्रिकंट) असं बहुधा छापलेलं असतं, त्यावर बोट ठेवावं. अनोळखी माणसाच्या शब्दापेक्षा छापील शब्द पटकन पटतो.

बोलताना नजर दोघांकडे हवी. गाडी मुलगी चालवते, तेव्हा ऐकायचा हक्क तिचाही आहे. पण काकांना डावलून "ताई, बाबांना जरा समजवा" म्हणणं ही त्यांची चारचौघांत केलेली शोभा आहे. उलट प्रकारही नेहमी घडतो. एकटी बाई कार-केअरच्या रॅकपाशी दिसली की न विचारता शिकवणारे दोघेतिघे जमतात. तिने इंजिन ऑइलचा ग्रेड बघून घेतला असेल, तरी तिला तो समजावून सांगितला जातो. वरची कसोटी इथे जास्तच कडकपणे लावावी: धोका स्वतः पाहिलाय का, ऐकलाय का? नसेल तर त्या बाईला तिचं सामान घेऊ द्यावं.

काका म्हणाले, "मी वर्षानुवर्षं मारतोय, काही होत नाही," तर वाद घालायचा नाही. ते कदाचित ब्रेक पॅडलच्या सांध्याला मारत असतील, तिथे ते चालतंही. "बरं, फक्त डिस्कला आणि पॅडला लागू देऊ नका," एवढं म्हणून सरकावं. यूट्यूबवर पाहिलंय म्हणाले तरी हेच. तिसऱ्यांदा सांगितलेला सल्ला कुणी ऐकत नाही, आणि तो न ऐकण्याची जिद्द मात्र धरली जाते.

"मग काय मारू?" असं विचारलं तर मोह आवरावा. आवाज ऐकलेला नाही, चाक पाहिलेलं नाही, तेव्हा निदान करू नये. फक्त विचारावं, "सकाळी पहिल्या चार ब्रेकलाच येतो की दिवसभर?" पहिलं उत्तर आलं तर पावसाळी गंज, काही करू नका. दुसरं आलं तर गॅरेज, याच आठवड्यात. घरघर जाणवते म्हणाले तर मेकॅनिकला घरी बोलवा, गाडी काढू नका.

सल्ला देणारा स्वतः गॅरेज चालवत असेल तर त्याने ते विचारल्यावर खरं सांगावं, पण कार्ड काढू नये. कार्ड बाहेर आलं की खरा सल्लाही धंद्याचा वाटतो आणि काका स्प्रे मारूनच दाखवतात. एखाद्या कंपनीच्या पॅडचं नावही घेऊ नये, त्याच कारणाने. दुसऱ्याच्या ट्रॉलीतली वस्तू उचलून परत रॅकवर ठेवणं, मागून पार्किंगपर्यंत जाणं, मोबाइलवर व्हिडिओ लावून दाखवणं, यातलं काहीही करू नये हे सांगायला नको, पण लोक करतात.

आता दुकानातला मुलगा. "सगळ्याला चालतं" हे त्याने काकांना सांगितलं, उद्या आणखी दहाजणांना सांगेल. त्याला गिऱ्हाइकासमोर खोटं पाडलं तर तो आपल्या म्हणण्याला चिकटून बसेल, आणि काका कुणाचं ऐकायचं या पेचात पडतील. काका निघून गेल्यावर त्याला बाजूला घेऊन सांगावं: "मित्रा, हा स्प्रे ब्रेकला सांगत जाऊ नकोस. ब्रेकसाठी वेगळा ब्रेक क्लीनर येतो." बहुतेक मुलं ऐकतात, कारण त्यांना गाडीच्या रॅकवर उभं करताना कुणी काही शिकवलेलंच नसतं. नाहीच ऐकलं तर बिलिंगपाशी मॅनेजरला सांगावं, तक्रारीच्या सुरात नाही, माहिती म्हणून. एका काकांना थांबवण्यापेक्षा हे काम मोठं आहे, आणि नेमकं हेच बहुतेक जाणकार करायचं विसरतात.

स्प्रे आधीच मारला असेल तर

या प्रकरणाचा दुसरा शेवटही होऊ शकतो. काका म्हणतात, "अहो, कालच एक डबा मारलाय, हा दुसरा." मग मात्र वीस सेकंदांची मर्यादा विसरावी. गाडी बाहेर पार्किंगमध्ये उभी असेल तर ती चालवत नेऊ नये, निदान उतारावर आणि हमरस्त्यावर तरी अजिबात नको, हे आधी सांगावं. आसपासच्या मेकॅनिकला जागेवर बोलावणं किंवा टो करणं, एवढेच मार्ग आहेत.

मेकॅनिककडून काय करून घ्यायचं तेही स्पष्ट असावं. डिस्क दोन्ही बाजूंनी ब्रेक क्लीनरने धुवायची आणि स्वच्छ कापडाने पुसायची, कापडावर काळं येणं थांबेपर्यंत. पॅड बदलायचे, आणि तेही पुढच्या दोन्ही चाकांचे एकदम. एकाच बाजूचे बदलले तर डावी-उजवीकडची पकड वेगळी होते. कॅलिपरचा पिस्टन मागे ढकलताना ब्रेक ऑइलची डबी भरून सांडू शकते. सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवायचं, नाहीतर बॉडीचा रंग सोलवटतो. स्प्रे मागच्या ड्रममध्येही (पुष्कळ गाड्यांत मागे डिस्कऐवजी असलेल्या ब्रेकमध्येही) मारला असेल तर ड्रम उघडून लायनर, म्हणजे आतून घासणारे थर, बघायचे, तेलकट असतील तर तेही नवे. सगळं जोडल्यावर गाडी हलवण्याआधी पॅडल कडक होईपर्यंत दाबायचं. पहिले एक-दोन वेळा ते खाली जमिनीपर्यंत जातं आणि नेमकं तेव्हाच गाडी गेटबाहेर काढली तर भिंत समोर असते.

नवे पॅड डिस्कवर बसवायला मोकळा रस्ता लागतो. ताशी ५० वरून १० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग कमी करायचा, पूर्ण न थांबता, दोन ब्रेकच्या मध्ये थोडं अंतर सोडून म्हणजे डिस्क थंड होते. गरम झालेल्या डिस्कवर ब्रेक दाबून गाडी उभी करून ठेवायची नाही. पहिले दोन-तीनशे किलोमीटर सांभाळून चालवायची, आणि त्या दिवसांत मुलीने ऑफिसला बसने गेलेलं बरं, निदान बोगद्याकडून उतरायचं असेल तर.